कुलियन : वसाहतीचे गाव होताना

फिलिपिन्समधील बहुतेक जुन्या गावांची जन्मकथा एकाच साच्यातली आहे. स्पॅनिश अमलात मिशनऱ्यांनी विखुरलेल्या वस्त्या एकत्र आणल्या, चर्च बांधले, समोर चौक सोडला आणि घंटेचा आवाज पोहोचेल एवढ्या परिघात लोकांना वसवले. यांपैकी अनेक गावांच्या पुढे नगरपालिका झाल्या. आपल्याकडे नगरपालिका म्हटले की शहर डोळ्यांसमोर येते. तेथे मात्र मुख्य गाव आणि भोवतालची खेडी मिळून, एखाद्या लहान तालुक्यासारखा, हा घटक बनतो. त्यातील प्रत्येक खेडे किंवा प्रभाग म्हणजे ‘बारांगाय’. पलावान प्रांताच्या उत्तरेकडील कुलियन ही अशीच १४ बारांगायांची, वीस हजारांवर वस्तीची ग्रामीण नगरपालिका आहे. पण तिला हा दर्जा मिळायला १९९२ साल उजाडावे लागले. त्याआधी ऐंशीहून अधिक वर्षे या गावावर हक्क होता तो आरोग्यखात्याचा, राहणाऱ्यांचा नव्हे.

या बेटांवर मूळची वस्ती ताग्बानुआ लोकांची. दक्षिणेकडून येणाऱ्या समुद्री हल्ल्यांपासून बचावासाठी स्पॅनिशांनी कुलियनच्या टेकडीवर किल्ला बांधला. त्याच्या आवारातले चर्च आजही उभे आहे. स्पेनची सत्ता जाऊन अमेरिकेची आली, तेव्हा नव्या प्रशासनाने कुष्ठरोग्यांना समाजापासून वेगळे ठेवण्यासाठी एखादे बेट शोधायला सुरुवात केली. १९०४ साली कुलियन त्यासाठी राखून ठेवण्यात आले आणि तेथील बहुतेक रहिवाशांना आसपासच्या बेटांवर हलवले गेले. २७ मे १९०६ रोजी सेबूहून ३७० रुग्णांची पहिली तुकडी उतरली. या योजनेमागचे प्रमुख नाव आरोग्यसंचालक डॉ. व्हिक्टर हायझर यांचे. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने विलगीकरण सक्तीचे झाले. कुष्ठरोगाचा संशय आला की माणसाला घरातून उचलून नेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. काही वर्षांतच रुग्णांची संख्या हजारांत गेली आणि जगातील सर्वांत मोठ्या कुष्ठवसाहतींत कुलियनची गणना होऊ लागली.

वरवर पाहता या वसाहतीत गावाचे सगळे काही होते. शाळा होती, बाजार होता, रुग्णांचेच पोलीस होते, रुग्णप्रतिनिधींचे सल्लागार मंडळही होते. पण अंतिम शब्द वसाहतीच्या प्रमुख डॉक्टरांचा. रुग्णांचा भाग आणि कर्मचाऱ्यांचा बालाला हा भाग यांच्यामध्ये फाटक होते. १९१३ पासून वसाहतीपुरती वेगळी नाणी चालू झाली. रुग्णाच्या हातचा पैसा बाहेर जाऊ नये, हा हेतू. लग्नावर बंधने होती. जन्मलेली मुले काही महिन्यांतच आईपासून काढून बालालाच्या बालसंगोपनगृहात ठेवली जात. मुलाला आजार नाही एवढेच त्याचे आईपासून तुटण्याचे कारण.

उपचाराच्या बाबतीत कुलियनचा धागा आपल्यापर्यंत येतो. त्या काळी कुष्ठरोगावर मुख्य भरवसा चालमुगरा तेलावर होता. भारतीय वैद्यकात ‘तुवरक’ म्हणून जुन्या काळापासून माहीत असलेल्या, कोकणात ‘कडू कवठ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वृक्षाच्या कुळातल्या बियांचे हे तेल. पोटात घेतले की मळमळ असह्य होई, म्हणून ते सुईने टोचण्याचे प्रयोग मनिलात झाले आणि कुलियनमध्ये ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. गुण मात्र बेताचाच. दुसऱ्या महायुद्धात जपानी अमलाखाली अन्नपुरवठा तुटला. अनेक रुग्ण उपासमारीने मेले, अनेकांनी होड्यांतून बेट सोडले. युद्धानंतर सल्फोन औषधे आली, १९६४ च्या कायद्याने सक्तीचे विलगीकरण संपवले आणि १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचाराने आजार आटोक्यात आणला.

खरा प्रश्न येथेच उभा राहिला. बरा झालेला माणूस जाणार कोठे? कित्येकांना कुटुंबांनी परत घेतले नाही, आणि कित्येकांना जायचेच नव्हते, कारण त्यांचे घर आता हेच होते. कधीही आजारी नसलेली मुले-नातवंडे संख्येने वाढत गेली. तरीही कागदोपत्री बेट राखीवच. पायाखालच्या जमिनीवर मालकी नाही, निवडून दिलेले स्थानिक सरकार नाही, गावाचे स्वतःचे अंदाजपत्रक नाही. लोक बरे झाले होते, पण त्यांचे गाव अजून रुग्णालयच होते.

फेब्रुवारी १९९२ मधील प्रजासत्ताक कायदा क्र. ७१९३ ने कुलियनची नगरपालिका स्थापन केली. त्याच वर्षाच्या आरंभी देशात नवी स्थानिक शासन संहिता लागू झाली होती. तिच्यामुळे नगरपालिकांना राष्ट्रीय महसुलाचा ठरावीक वाटा आणि आरोग्य, शेती, समाजकल्याण यांची बरीच जबाबदारी मिळाली. डॉक्टरांच्या हुकमाच्या जागी नगराध्यक्ष आणि निवडून आलेले सभागृह आले. पहिले निवडून आलेले नगराध्यक्ष हिलारियन गिया स्वतः एकेकाळचे रुग्ण होते. ज्याला कायद्याने समाजाबाहेर काढले, त्याच्याच हाती कायद्याने गावाचा कारभार दिला. २००१ साली आणखी एका कायद्याने नगरपालिकेचे क्षेत्र वाढवले.

२००६ मध्ये, वसाहतीच्या शताब्दी वर्षात, कुष्ठरोग ही कुलियनमधील सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नसल्याचे जाहीर झाले. जुने रुग्णालय आता सर्वांसाठी आहे. रुग्णांच्या नोंदी, छायाचित्रे, कागदपत्रे जाळून टाकण्याऐवजी गावाने ती जपली. २०१८ साली युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ उपक्रमाच्या आशिया-पॅसिफिक सूचीत त्यांचा समावेश झाला. कलंक पुसायचा तर दप्तरही पुसावे, असा मोह कोणत्याही गावाला झाला असता. कुलियनने त्याच दप्तरात आपले पूर्वज शोधले. आणि ज्या बालालाच्या फाटकाअलीकडे रुग्णांना पाऊल टाकता येत नव्हते, ते बालाला आज नगरपालिकेच्या १४ बारांगायांपैकी एक आहे.