गुलामांनी मालकाचाच धर्म घेतला का?

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा विषय निघाला की मराठी सभा-चर्चांमध्ये एक विधान हमखास होतं : गोऱ्या मालकांनी गुलामांच्या हाती बायबल दिलं, त्यांना नमवलं, आणि ती माणसं आजतागायत मालकाचाच धर्म कवटाळून बसली आहेत. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा गुलामांविषयी कळवळाच असतो. तरीही या विधानाने तो त्यांनाच निर्बुद्ध ठरवतो. त्या ग्रंथाचं त्यांनी पुढे काय केलं, हे विचारण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

प्रश्न जुनाच आहे. हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक १९३५ साली भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या दौऱ्यावर आले, तेव्हा कोलंबोत व्याख्यानानंतर कायद्याच्या एका जाणकाराने त्यांना तोंडावर विचारलं होतं : ज्यांनी तुमच्या लोकांना विकलं, त्यांचा धर्म घेऊन तुम्ही इथे काय करताय? या प्रश्नाचं सविस्तर उत्तर थर्मन यांनी १९४९ साली ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या पुस्तकात दिलं. येशू स्वतः रोमन सत्तेखाली भरडलेल्या समाजातला गरीब ज्यू होता. भिंतीला पाठ टेकलेल्या माणसासाठी त्याच्यापाशी काय आहे, हा त्या पुस्तकाचा गाभा.

आधी सालं तपासू. धर्म लादायला मालक उतावीळ झाले होते, असं कागदपत्रं सांगत नाहीत. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला गुलाम ठेवता येत नाही, ही समजूत तेव्हा प्रचलित होती, त्यामुळे अनेक मळेवाले गुलामांच्या बाप्तिस्म्याला घाबरत. म्हणूनच व्हर्जिनियाच्या विधिमंडळाला १६६७ साली खास कायदा करावा लागला : बाप्तिस्म्याने गुलामाची गुलामी संपत नाही. मालकांच्या मनातली शंका दूर व्हावी, हा हेतू त्या कायद्यातच लिहिलेला आहे. एवढं करूनही पुढची कित्येक दशकं गुलामांमध्ये ख्रिस्ती थोडेच होते. चित्र पालटू लागलं ते १७४०च्या दशकापासून. उघड्या मैदानात, साध्या भाषेत बोलणारे बाप्टिस्ट आणि मेथडिस्ट प्रचारक आले आणि त्यांच्या सभांमधून कृष्णवर्णीय प्रचारकही उभे राहिले.

शिवाय आफ्रिकेला हा धर्म गोऱ्यांकडूनच कळला, हेही खरं नाही. इथिओपियातल्या अक्सुमचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला होता. काँगोच्या राजाने १४९१ साली बाप्तिस्मा घेतला तो पोर्तुगीजांकडून, पण स्वतःच्या राज्यात, राजा म्हणून. दक्षिण कॅरोलायनात १७३९ साली स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. त्यातले बरेच जण काँगोतून आणलेले कॅथलिक होते, असं इतिहासकार जॉन थॉर्नटन यांनी दाखवलं आहे.

मालकांनी धर्माचा वापर केला नाही, असा याचा अर्थ नाही. केला, आणि निर्लज्जपणे केला. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी १८०७ साली लंडनमध्ये एक निवडक बायबल छापलं गेलं. त्यातून जुन्या कराराचा बहुतांश भाग वगळला होता. मोशेने इस्राएल लोकांना मिसर देशातून सोडवून आणलं, ती ‘निर्गम’मधली कथाही त्यात नाही. याची एक प्रत अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठाकडे आहे. गुलामांनी काय वाचू नये, हे छापणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं.

आणि गुलामांनाही ते ठाऊक होतं. थर्मन यांच्या आजी नॅन्सी अँब्रोज गुलामीत जन्मलेल्या. त्यांना वाचता येत नसे, म्हणून नातू त्यांना बायबल वाचून दाखवी. पण पौलाची पत्रं त्या वाचू देत नसत. अपवाद फक्त करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या प्रेमावरच्या तेराव्या अध्यायाचा. पुढे नातवाने कारण विचारलं. मालकाचा गोरा पाद्री यायचा तेव्हा दर वेळी पौलाचाच आधार घेऊन ‘दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा’ हेच सांगायचा. सुटका झाली आणि वाचता आलं, तर तो भाग कधीच वाचायचा नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. अक्षरओळख नसलेली ही बाई ग्रंथातलं काय घ्यायचं आणि काय टाकायचं, याचा निवाडा स्वतः करत होती.

मळ्यावरची खरी उपासना रात्री, रानात किंवा झोपडीत, चोरून चालायची. दाराशी लोखंडी भांडं पालथं घालायचं, म्हणजे गाण्याचा आवाज त्यातच अडकतो, अशी समजूत होती. १९३०च्या दशकात वृद्ध मुक्त गुलामांच्या आठवणी सरकारी योजनेतून लिहून घेतल्या गेल्या. त्यांत हे भांडं वारंवार येतं. अल्बर्ट रॅबोटो यांचं ‘स्लेव्ह रिलिजन’ (१९७८) या गुप्त चर्चजीवनाचा सविस्तर मागोवा घेतं. पकडलं गेलं तर पाठीवर चाबूक ठरलेला. लादलेल्या धर्मासाठी कोणी असे फटके सोसत नाही.

या उपासनेतून बंडंही निघाली. १८२२ साली चार्ल्स्टनमध्ये डेन्मार्क व्हेसी आणि इतर ३४ जणांना कटाच्या आरोपावरून फाशी झाली. त्यांच्यातले अनेक जण तिथल्या आफ्रिकन चर्चचे होते, आणि ते चर्चही पाडण्यात आलं. १८३१ साली व्हर्जिनियात उठाव करणारा नॅट टर्नर स्वतः प्रचारक होता. त्यानंतर व्हर्जिनियाने कृष्णवर्णीयांच्या प्रवचनांवरच कायद्याने बंदी घातली. धर्माने गुलाम निमूट झाले असते, तर या कायद्याची गरजच पडली नसती.

महाराष्ट्रात या विषयाला १९५६च्या नागपूरची पार्श्वभूमी असते. बाबासाहेबांनी धर्म सोडला, मग यांनी का नाही सोडला? याचं उत्तर फिलाडेल्फियातल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये सापडतं. तिथे प्रार्थना चालू असताना ॲब्सलम जोन्स यांना गुडघ्यांवरून ओढून उठवायला गोरे कारभारी आले, कारण ती जागा गोऱ्यांची. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, असं जोन्स म्हणाले. कारभारी थांबले नाहीत. प्रार्थना संपली आणि जोन्स, रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सगळे सोबती एकगठ्ठा बाहेर पडले. रूढ साल १७८७. चर्चमधल्या गॅलरीच्या बांधकामाच्या काळावरून बरेच इतिहासकार १७९२च्या आसपासचा काळ धरतात. स्वतःचे पैसे भरून गुलामीतून सुटलेल्या ॲलन यांनी लोहाराचं एक दुकान विकत घेतलं, घोडे जुंपून आपल्या जागेवर ओढत आणलं आणि १७९४ साली तिथे बेथेल चर्च सुरू केलं. १८१६ साली त्यातून आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ उभा राहिला. त्यांनी येशूला सोडलं नाही. गोऱ्यांचं चर्च सोडलं. १८६५ साली यादवी युद्ध संपल्यावर दक्षिणेतल्या मुक्त गुलामांनी हेच प्रचंड संख्येने केलं.

कृष्णवर्णीय पुरुषांसाठी या स्वतःच्या चर्चचं मोल वेगळंच होतं. साठीच्या माणसालाही गोरा पोऱ्या ‘बॉय’ म्हणून हाक मारायचा, त्या काळात हाच माणूस रविवारी डीकन असे, विश्वस्त असे, हिशेब तपासत असे, मतदान करत असे. हायरम रेव्हल्स हे १८७०चे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथातच पाद्री झाले होते. पुढेही हेच दिसलं. १ फेब्रुवारी १९६८ रोजी मेम्फिसमध्ये पावसापासून आडोसा घेतलेले दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीतल्या दाबयंत्रात चिरडून मेले. सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ असं बजावणारे त्यांचे फलक छापले गेले क्लेबोर्न टेंपल या चर्चमध्ये, आणि मोर्चेही तिथूनच निघाले.

उरलेले गैरसमज थोडक्यात :

‘काळ्यांचं चर्च’ एकच आहे. नाही, मेथडिस्टांचे तीन मोठे पंथ, बाप्टिस्टांचे अनेक महासंघ, पेंटेकोस्टल चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट आणि लाखो कॅथलिक आहेत.

सगळी चर्च मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पाठीशी होती. नाही, नॅशनल बाप्टिस्ट कन्व्हेन्शन या महासंघाचे अध्यक्ष जोसेफ जॅक्सन यांचा सत्याग्रहाला विरोध होता, आणि १९६१ साली किंग यांच्या बाजूच्या मंडळींनी वेगळा महासंघ काढला.

गॉस्पेल संगीत गुलामगिरीच्या काळातलं आहे. नाही, त्या काळातली गाणी म्हणजे स्पिरिच्युअल्स. गॉस्पेल घडलं १९३०च्या दशकात शिकागोत, थॉमस डॉर्सी या पूर्वीच्या ब्लूज पियानोवादकाच्या हातून.

पुरुषांना धर्माचं काही पडलेलं नाही, चर्च बायकाच चालवतात. नाही, प्यू रिसर्च सेंटरच्या २०१४च्या पाहणीत ६९ टक्के कृष्णवर्णीय पुरुषांनी धर्म आपल्याला अतिशय महत्त्वाचा असल्याचं सांगितलं. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण ८० टक्के, तर गोऱ्या स्त्रियांमध्ये ५५ टक्के होतं.

किंग यांना गांधी कळले ते भारतात आल्यावर. नाही, बेंजामिन मेज हे बाप्टिस्ट पाद्री १९३६-३७च्या हिवाळ्यात वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटून गेले; पुढे ते मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि तिथेच किंग त्यांचे विद्यार्थी होते. १९५० साली मॉर्डेकाय जॉन्सन या आणखी एका पाद्र्याचं गांधीजींवरचं प्रवचन ऐकून किंग यांनी गांधींवरची पुस्तकं विकत घेतली. ते भारतात आले १९५९ साली. किंग यांनी चालवलेला माँटगोमेरीचा बस-बहिष्कार त्याच्या दोन वर्षं आधीच जिंकून झाला होता.