परदेशी लेकीकडे जाताना साखर लपवू नका

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या चाकूरचे एक निवृत्त गुरुजी आणि काकू संध्याकाळी घरी आले. पिशवीत दोघांचे पासपोर्ट आणि एजंटाने दिलेला विम्याचा छापील फॉर्म. लेक जर्मनीत शिकते; तिच्याकडे दीड महिना राहून यायचे ठरले होते. दोघांचा हा पहिलाच विमानप्रवास.

"भाऊ, तुम्ही कचेरीत रोज कागद भरता, एवढा भरून द्या," गुरुजी म्हणाले. "एजंट म्हणतो, सगळ्यात स्वस्त घ्या. व्हिसापुरता तर कागद पाहिजे."

नाव, जन्मतारीख, पत्ता झाले. 'पूर्वीचे आजार' हा रकाना आला. काकूंना बारा वर्षांपासून साखर, गुरुजींना बी.पी. काकू म्हणाल्या, "नाही म्हणून लिहा. आजार सांगितला की व्हिसा देत नाहीत म्हणं." आणि वाचकहो, खोटे कशाला बोला, आम्हीही 'नाही' लिहायला निघालो होतो. कारकुनाचा हात, रिकामा रकाना दिसला की भरून मोकळे व्हावेसे वाटते.

हात थांबला तो एका जुन्या आठवणीने. आमच्या नात्यातले एक गृहस्थ मुलाकडे दुबईला गेले होते. तिथे छातीत दुखू लागले, दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. डॉक्टरांनी पहिल्याच पानावर लिहिले, 'जुना रक्तदाब.' फॉर्मवर मात्र 'आजार नाही' असे होते. कंपनीने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि क्लेम नाकारला. मुलाने ते बिल वर्षभर फेडले. कंपनीवर आम्ही तेव्हा फार चिडलो होतो. पण सही आमच्याच माणसाची होती.

काकूंना सांगितले, विम्याचा फॉर्म विमा कंपनीकडे जातो. व्हिसा कचेरी बघते ती पॉलिसी. जर्मनीसह युरोपातले २९ देश शेंगेन गटात आहेत. तिथे थोड्या दिवसांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा, म्हणजे सुमारे तीस लाख रुपयांचा, वैद्यकीय विमा लागतो. तो गटातल्या सर्व देशांत चालला पाहिजे, मुक्कामाचे सगळे दिवस त्यात आले पाहिजेत, आणि तातडीचा उपचार व वेळ पडल्यास मायदेशी परत आणण्याचा खर्चही त्यात धरलेला असला पाहिजे. एजंटाची स्वस्त पॉलिसी या मापात बसत होती. पण आतल्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ होती : पूर्वीच्या आजारातून उद्भवलेला कोणताही खर्च मिळणार नाही. म्हणजे व्हिसा मिळाला असता, आणि काकूंची साखर तिकडे एकदम वाढली असती तर पॉलिसी नुसती पिशवीत राहिली असती.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या जेवणाच्या सुट्टीत तीन ठिकाणी फोन केले. (विमा म्हटला की आपल्याकडे आधी एलआयसीचा माणूस आठवतो, पण ती आयुर्विम्याची कंपनी, प्रवासाचा विमा सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळतो.) एका पॉलिसीत जुन्या आजारामुळे जीव धोक्यात आला तर खर्च मिळणार होता, पण वेगळ्या मर्यादेपर्यंत. बिलातली सुरुवातीची काही रक्कम आपल्याच खिशातून. प्रीमियम जवळजवळ दुप्पट. गुरुजी कुरकुरले. रोजच्या गोळ्या यात मिळत नाहीत हे कळल्यावर आणखी कुरकुरले. लेकीचा तिथे विमा आहेच की, असेही म्हणून झाले, तो तिच्यापुरता. शेवटी काकूच म्हणाल्या, "घ्या तोच. पोरीला तिकडं कर्जात कशाला घालता?"

दीड महिन्याच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवायला सांगितली. कंपनीचा मदतीचा नंबर लेकीच्या मोबाईलमध्ये घातला. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर आधी तिथे फोन करायचा, नाहीतर बिल आधी आपण भरून मागून पैसे मागत बसावे लागते.

इंग्लंडला जाणाऱ्या पाहुण्यांना असा विमा सक्तीचा नाही, म्हणून पुष्कळजण घेतच नाहीत. तिथे अपघात विभागातला उपचार फुकट. पण भरती झालात की परदेशी पाहुण्याला सरकारी दवाखान्यातही दीडपट दराने बिल लागते. सक्ती नाही तिथेच जास्त विचार करावा, असे आमचे मत.

क्लेम नाहक नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर आपल्या भागासाठी पुण्याला विमा लोकपाल आहे. फी नाही, वकील नको. मात्र फॉर्म खरा भरलेला हवा.

आणि परदेश म्हणजे काही जर्मनीच नव्हे. आपल्या सहलीची गाडी सारनाथ, कुशीनगर करून सोनौलीहून लुंबिनीला जाते. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही, त्यामुळे देश ओलांडला हे ध्यानातही येत नाही. पण आयुष्मान कार्ड नेपाळात चालत नाही, आणि इथली साधी मेडिक्लेम पॉलिसीही बहुधा सरहद्दीपर्यंतच. गाडीत निम्मे लोक साठीच्या पुढचे असतात. यंदाच्या यादीत आम्ही नाव आणि वय यांच्यापुढे आणखी तीन रकाने आखले आहेत : आजार, चालू गोळ्या, घरचा फोन.