खेळ मांडणारे विद्यार्थी

लहानपणी वाड्याच्या अंगणात पकडापकडीचा डाव रंगात आला, की कुणाचा तरी धाकटा भाऊ हटकून मध्ये येई. त्याला घ्यावे तर डाव बिघडतो, न घ्यावे तर तो रडत घरात जातो आणि पाठोपाठ त्याची आई बाहेर येते! यावर मुलांनी काढलेला तोडगा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या धाकट्याला ‘लिंबूटिंबू’ करायचे. तो धावेल, ओरडेल, पण पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य यायचे नाही. ही नुसती दया नव्हे. खेळही मोडू नये आणि खेळणाराही बाहेर पडू नये, म्हणून विचारपूर्वक केलेला तो एक नियम आहे. असे नियम रचण्याची विद्या आज अनेक विद्यापीठांत रीतसर शिकवली जाते आणि विद्यार्थी परीक्षेसाठी निबंधाऐवजी चक्क एक खेळ तयार करून देतात.

संगणकावरचा खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रंगीत चित्रे येतात, कानांत आवाज घुमतात. पण चित्रे म्हणजे खेळ नव्हे. बुद्धिबळाचा पट नसला तर जमिनीवर खडूने घरे आखा, प्याद्यांच्या जागी चिंचोके मांडा. डाव तोच राहतो. घोड्याची अडीच घरे मात्र बदलून पाहा, खेळच निराळा होतो. तेव्हा विद्यार्थ्याला शिकायचे असते ते हे, की एका लहानशा नियमाने माणसाचे वागणे कसे बदलते.

याचे जुने उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतले आहे. तेथे १९६१ साली पीडीपी-१ हा संगणक आला. त्याला गोल पडदा होता. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या भोवतीच्या तरुण मंडळींनी, त्यांत विद्यार्थीही होते, १९६२ च्या सुरुवातीस त्यावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ उभा केला. दोन अवकाशयाने आणि एकमेकांवर सोडायची अस्त्रे, एवढाच मामला. मग एकेकाने भर घालण्यास प्रारंभ केला. पीटर सॅमसनने पार्श्वभूमीला आकाशातले खरे तारे आणून बसवले. डॅन एडवर्ड्‌सने मध्यभागी एक सूर्य ठेवला व त्याला गुरुत्वाकर्षण दिले. या एका नियमाने सारा रंग पालटला. नुसता नेम धरून भागेना. सूर्याच्या ओढीत सापडलात तर संपलात, आणि तीच ओढ वापरून वळसा घेतलात तर शत्रूच्या पाठीवर! शिवाय यंत्रावरचे खटके दाबून दाबून खेळणाऱ्यांची कोपरे दुखू लागली, तेव्हा ॲलन कोटोक आणि बॉब साँडर्स यांनी हातात धरायच्या वेगळ्या पेट्या बनवल्या. खेळ खेळून पाहिला म्हणूनच कोपर दुखते हे कळले. कागदावर ते कधीच दिसले नसते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. वॉशिंग्टन राज्यातील रेडमंड येथल्या डिजिपेन या संस्थेत काही विद्यार्थ्यांनी २००५ साली ‘नार्बॅक्युलर ड्रॉप’ हा खेळ केला. तळघरात कोंडलेली एक राजकन्या. तिला सुटायचे आहे. भिंतीवर दोन दारे उमटवता येतात. एकात शिरले की दुसऱ्यातून बाहेर. राजकन्येचे नावच ‘नो-नीज’, म्हणजे बिनगुडघ्यांची. तिला उडी मारता येत नाही. उडी नाही म्हटल्यावर खेळणाऱ्याचे सगळे चित्त त्या दोन दारांवर! एकच कल्पना घ्यावी आणि बाकीचा मोह सोडावा, हे त्या पोरांना साधले. व्हॉल्व्ह या कंपनीने तो खेळ पाहून त्यांना नोकरीस घेतले आणि त्याच कल्पनेतून २००७ साली ‘पोर्टल’ हा गाजलेला खेळ निघाला.

आता पुन्हा आपल्या लिंबूटिंबूकडे येऊ. फार सोपा खेळ कंटाळवाणा होतो, फार अवघड खेळ माणसाला हुसकून लावतो. या दोहोंच्या मध्ये माणूस देहभान विसरून रमतो, असे मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाचे सांगणे होते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील जेनोव्हा चेन या विद्यार्थ्याने २००६ च्या आपल्या प्रबंधासाठी हाच विषय घेतला. त्याच्या ‘फ्लो’ या खेळात आपण पाण्यातला एक छोटा जीव असतो. खोल गेले की मोठे प्राणी भेटतात. झेपेना झाले की वर यावे. किती अवघड खेळायचे, हे खेळता खेळता खेळणाराच ठरवतो. आमच्या अंगणात थोरली मुले ठरवत, येथे धाकट्याच्याच हाती ते दिले, एवढाच फरक.

हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी करावे काय? जरूर करावे, आणि त्यासाठी संगणकही लागत नाही. पुठ्ठा, फासे आणि चिंचोके घ्या. पाच नियमांचा खेळ रचा. नियम कागदावर लिहा, तो कागद अनोळखी माणसापुढे ठेवा आणि स्वतः गप्प बसा. हे गप्प बसणेच सर्वांत कठीण! तो चुकीची सोंगटी उचलील आणि तुमची जीभ वळवळेल, ‘अहो, तसं नाही!’ पण बोलायचे नाही. तो जिथे अडखळला तिथे खूण करा आणि घरी जाऊन नियम बदला. त्याला दोष देऊ नका. खेळ विकत घेऊन गेलेल्याच्या घरी समजावून सांगायला तुम्ही थोडेच जाणार आहात?

पालकांना वाटते, अभ्यास सोडून हे काय चालले आहे. शिक्षकांनाही वाटते, मलाही वाटत असे. वर्गात मी शिकवतो, मुलाला कळले नाही तर चूक त्याची आणि गुणही त्याचेच कमी, हा आमचा शिरस्ता. खेळ रचणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ही सवलत नाही. समोरच्याला कळले नाही तर चूक याची, आणि उद्या पुन्हा मांडून दाखवायचे. हा धडा एखाद्या मुलाने पुठ्ठ्याच्या पटावर गिरवला, तर पुढे तो अर्जाचा नमुना तयार करो, औषधाच्या बाटलीवरची सूचना लिहो की माझ्यासारखा वर्गावर उभा राहो, समोरच्या माणसाचा विचार करील. तेव्हा घरातले पोर उद्या फासे घेऊन ‘जरा खेळून बघता का?’ म्हणून आले, तर हातातले काम घटकाभर बाजूला ठेवा. आणि खेळताना चुकलात तर ओशाळू नका; त्याला तेच हवे आहे.