वाकळ शिवणाऱ्या डोळ्यांसाठी

कसबा बावड्यात जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणं हा आयाबायांचा जन्माचा छंद. लेकीच्या बाळंतपणाला एक, नातवाच्या पाळण्यात एक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर भिजलेल्या वाकळा धुऊन, उसवून पुन्हा टाके घालणारे हातही त्यांचेच.

आम्ही वस्तीत फिरतो तेव्हा पन्नाशीतल्या मावश्या म्हणतात, "सुईत दोरा जात नाही, सोडलं आता." मावशी, सोडू नका. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, म्हणून जवळचं अंधुक दिसतं. जवळचा चष्मा लावला की दोरा ओवता येतो. धूसर दिसण्याचं कारण मोतीबिंदू असेल, तर त्यावर शस्त्रक्रिया आहे. साखर असेल तर डोळ्याचा पडदा दरवर्षी तपासून घ्या. सीपीआरला जाऊन आधी डोळे दाखवा.

शिवताना उजेडात बसा, पाठ भिंतीला टेका, अर्ध्या तासानं उठून चार पावलं चाला. आणि तान्ह्याचं तोंड वाकळेनं कधी झाकू नका.

पोरांच्या फीला पैसे निघतात, आईच्या चष्म्याला मात्र "पुढच्या महिन्यात बघू." घराला ऊब देणाऱ्या बाईची नजर घरखर्चातच धरा.

जय भीम!