डे गॉल मरत नाही, तरी आपण जागतो

पीएल चालू होती. थर्मोचा पेपर दोन दिवसांवर आला होता, आणि आमचा रूम पार्टनर पांघरुणात टॉर्च लावून फ्रेडरिक फोर्साइथचं 'द डे ऑफ द जॅकल' वाचत होता. डोंबिवली स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून चाळीस रुपयांत आणलेली प्रत. कव्हर फाटलेलं, पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव खोडलेलं. रात्रीच्या राउंडला रेक्टर सर आले, पांघरूण वर केलं आणि पुस्तक जप्त! "पेपर संपले की ये न्यायला," एवढंच बोलून गेले.

पेपर संपल्यावर आम्ही दोघं ऑफिसात गेलो. सरांनी ड्रॉवरमधून पुस्तक काढलं, तर त्यात मेसची पावती खूण म्हणून घातलेली! शेवटची वीसएक पानं राहिली होती. सर जरा ओशाळले. मग म्हणाले, "उद्या ने रे. आणि मला एक सांगा, हा डे गॉल काही गोळी लागून मेला नाही, हे मला वाचायच्या आधीपासून माहीत आहे. मग मी रात्री दीडपर्यंत कशाला जागलो?"

तेव्हा आम्हाला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा केलेलं सबमिशन समजा.

'काय' नाही, 'कसं'

फ्रान्सचे अध्यक्ष डे गॉल यांच्यावर खरा हल्ला झाला होता. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते वाचले. फोर्साइथ त्या काळात रॉयटर्सचा बातमीदार म्हणून पॅरिसमध्ये होता. पुढे हाताशी पैसा नाही, नोकरी नाही अशा अवस्थेत त्याने पस्तीस दिवसांत ही कादंबरी लिहिली. काही प्रकाशकांनी ती परत पाठवली. कारण तेच, जे सरांनी विचारलं: शेवट सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट वाचणार कोण? १९७१ मध्ये ती छापली गेली आणि जगभर खपली.

याचं कारण सोपं आहे. रहस्यकथा विचारते, 'खून कोणी केला?' ही कादंबरी विचारते, 'हे काम करायचं तर कसं करावं लागेल?' खोटा पासपोर्ट कुठून येतो? बंदूक सरहद्दीपलीकडे कशी न्यायची? बंदूक बनवणारा कारागीर कोणते प्रश्न विचारेल आणि कोणते विचारणार नाही? दुसऱ्या बाजूला लेबेल नावाचा एक साधा, बायकोला दबून असलेला पोलीस अधिकारी फायली आणि हॉटेलांच्या नोंदी चाळत एकेक पाऊल जवळ येतो. दोन्ही बाजूंनी काम चाललंय आणि वेळ संपत चाललीय. वाचणारा त्या कामात अडकतो. शेवट माहीत असला म्हणून काय झालं? क्रिकेटची जुनी मॅच पुन्हा लागली तर आपण कॉमन रूममधून उठतो का?

इंजिनिअरिंगवाल्यांना हा प्रकार जास्त का आवडतो तेही यातच आलं. आपलं अख्खं शिक्षण म्हणजे 'अमुक मर्यादेत हे काम करून दाखवा'. इतकं वजन, इतका वेळ, इतकाच खर्च. चांगली हेरकथा म्हणजे असाच एक प्रॉब्लेम. फक्त उत्तर चुकलं तर केटी लागत नाही, जीव जातो.

चष्मेवाल्याची पाणबुडी

टॉम क्लॅन्सी हा अमेरिकेतला विमा एजंट. डोळे अधू असल्यामुळे त्याला सैन्यात जाता आलं नाही. (आमच्या विंगमधल्या निम्म्या चष्मेवाल्यांनी इथे एक उसासा टाकावा.) १९८४ मध्ये त्याची 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' आली. तीही नौदलाची अभ्यासपुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेकडून, जिने तोवर नवी कादंबरी कधी छापली नव्हती. पाणबुडी आवाजावरून कशी ओळखतात, आवाज लपवायचा तर इंजिनाचं काय करायचं, हे त्यात इतक्या बारकाईने होतं, की याला ही माहिती दिली कोणी, असा प्रश्न नौदलातल्या मोठ्या मंडळींना पडला. दिली कोणीच नव्हती. उघड मिळणारी पुस्तकं वाचून आणि माणसांशी बोलून त्याने ती जुळवली होती. म्हणजे लायब्ररीत बसून!

आपल्याकडे कोण होतं?

मराठीत हेर नाहीत असं मात्र म्हणू नका. सुरतेच्या स्वारीआधी शहराची खबर काढणाऱ्या बहिर्जी नाईकांच्या गोष्टीवर आपण लहानाचे मोठे झालो. मग छापील काळात बाबूराव अर्नाळकर आले. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांच्या हजारावर रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. गोव्याचे गुरुनाथ नाईक (निधन २०२१) यांनी बाराशेच्या घरात कादंबऱ्या लिहिल्या आणि कॅप्टन दीप, मेजर अविनाश भोसले असे लष्करी हुद्द्याचे नायक घराघरांत नेले. पुण्याच्या सुहास शिरवळकरांना आज सगळे 'दुनियादारी'मुळे ओळखतात, पण त्यांचा गुप्तहेर मंदार पटवर्धन आमच्या काकाच्या पिढीत 'दुनियादारी'इतकाच लाडका होता. काका सांगतो, डोंबिवली ते ठाणे स्लो लोकलने पंचवीसएक मिनिटं, जाता-येता मिळून दोन दिवसांत एक पुस्तक संपायचं. लायब्ररीवाला नवं पुस्तक काउंटरखाली ठेवायचा.

आता जरा हिशेब करू. वर्षाला चाळीस कादंबऱ्या लिहिल्या तरी बाराशे व्हायला तीस वर्षं लागतात. म्हणजे एका पुस्तकाला नऊ दिवस. एवढ्या वेळात बंदूक कशी उघडते हे जाऊन बघायला सवड कुठली? वाचकांची भूक मोठी, पुस्तक स्वस्त, लेखकाला मिळणारे पैसे थोडे. त्यामुळे वेग आला, कल्पना आल्या, पण तपशील मागे राहिला. दोष त्या लेखकांचा नाही. त्यांनी हजारो लोकांना वाचायची सवय लावली, हे काय थोडं आहे?

प्लॅन फसतो तेव्हा

या प्रकारातला खरा जीव मात्र प्लॅन फसतो तिथे असतो. 'ब्राव्हो टू झीरो' हे अँडी मॅक्नॅबचं पुस्तक (१९९३) कादंबरी नाही, आठवण आहे. जानेवारी १९९१ मध्ये ब्रिटिश एसएएसचे आठ जण इराकमध्ये शत्रूच्या मुलखात उतरले. वायरलेसची दिलेली फ्रिक्वेन्सी चुकीची निघाली. वाळवंट म्हणून गेले तर कडाक्याची थंडी. त्यात एका मेंढपाळ पोराने पाहिलं. तिघे मेले, चौघे पकडले गेले, एक चालत सीरियात पोहोचला. सगळ्या जगात नावाजलेली तुकडी, आणि नडलं काय, तर वायरलेस आणि हवामान!

पण त्यासाठी इराकलाच जायला नको. १९७१ ची आपली गोष्ट ऐका. त्या वर्षी मार्चमध्ये फ्रान्सच्या तुलाँ बंदरात असलेल्या 'मांग्रो' या पाकिस्तानी पाणबुडीवरून काही बंगाली खलाशी पळाले. त्यातले आठ जण भारतात पोहोचले. त्यातून एक बेत शिजला: पूर्व बंगालमधल्या तरुण पोरांना पोहायला आणि सुरुंग लावायला शिकवून बंदरातली जहाजं बुडवायची. या कामात आघाडीवर होते नौदलाचे कमांडर (पुढे कॅप्टन) मोहन सामंत. पलाशीला नदीकाठी कॅम्प लागला. पोरं छातीला गमछाने सुरुंग बांधून पोहायची. सुरुंगाच्या फ्यूजला पाण्यात विरघळणारी गुडदी होती. ती विरघळली की स्फोट. पण लांब पोहत जायचं तर ती वाटेतच विरघळणार. उपाय काय? कॉलेजच्या मासिकात छापतील की नाही ठाऊक नाही, पण उपाय होता निरोध! गुडदीवर तो चढवायचा, जहाजाला सुरुंग चिकटवला की काढून टाकायचा. यापेक्षा स्वस्त वॉटरप्रूफिंग कोणी सुचवलं तर डिपार्टमेंटने त्याला फुल मार्क द्यावेत.

हल्ल्याचा इशारा म्हणून आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून दोन ठरलेली गाणी लागली. ऑगस्टच्या मध्यावर चितगाव, मोंगला अशा बंदरांत जहाजं बुडाली.

आता पुढचा भाग, जो कोणत्याही कादंबरीकाराने लिहिला असता तर 'अतिच झालं' म्हटलं असतं. डिसेंबरमध्ये युद्ध पेटल्यावर सामंत तीन छोट्या गनबोटी घेऊन खुलनाकडे निघाले: पद्मा, पलाश आणि पनवेल. हो, आपल्याच पनवेलचं नाव! १० डिसेंबरला आपल्याच हवाई दलाच्या विमानांनी शत्रू समजून त्यांच्यावर हल्ला केला. पद्मा आणि पलाश गेल्या. पनवेल वाचली, तिने पाण्यात पडलेली माणसं उचलली आणि लढाई चालू ठेवली. सामंतांना महावीर चक्र मिळालं. पण पोहणाऱ्या पोरांची सगळी हकिगत पुस्तकात यायला २०१९ साल उजाडलं. संदीप उन्नीथन यांच्यासोबत सामंतांनी लिहिलेलं 'ऑपरेशन एक्स' त्या वर्षी आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये ते वारले होते.

आणि २६ नोव्हेंबर २००८? सीएसटीवरून आपल्याकडे रोज गाड्या सुटतात, त्यामुळे ती रात्र इकडच्या घरांत कोणी विसरलेलं नाही. एनएसजीचे कमांडो मानेसरला तयार होते, पण जवळ त्यांचं स्वतःचं विमान नव्हतं. मुंबईत पोहोचेपर्यंत पहाट झाली. मुंबईत त्यांचं केंद्र आलं ते त्यानंतर, २००९ मध्ये. कमांडो कादंबरीत विमान कुठून येणार यावर दोन पानं खर्ची पडली की आम्ही ती उडवायचो. आता उडवत नाही.

वास्तववादी म्हणजे खरं नव्हे

एक सावधगिरी मात्र हवी. 'ब्राव्हो टू झीरो'मधल्या लढाईच्या वर्णनावर पुढे बरेच आक्षेप आले. मायकेल अ‍ॅशर हा एसएएसचाच माजी सैनिक २००१ मध्ये त्या जागी जाऊन आला. तिथल्या लोकांनी सांगितलेली हकिगत पुस्तकाशी जुळत नव्हती. तपशील अचूक असले की आपण बाकीचंही खरं धरतो. बंदुकीचं मॉडेल बरोबर आहे ना, मग माणसंही तशीच असणार!

आमचा रूम पार्टनर याच फेऱ्यात सापडला. वर्षभर अशी पुस्तकं वाचून पॅरा कमांडो व्हायचं त्याने पक्कं केलं. पहाटे पाचला ग्राउंडवर पळायचा, मला दार लावायला उठवायचा. एसएसबीला भोपाळला गेला आणि पाचव्या दिवशी परत आला. झालं नव्हतं. दोन दिवस मेसला आला नाही. मग एका रात्री बोलला: "सगळ्या गटाला मिळून फळी आणि ड्रमवरून पलीकडे जायचं होतं. मला वाट दिसली होती. मी कोणालाच न सांगता पुढे गेलो. फळी माझ्यामागे राहिली आणि सगळे पलीकडेच अडकले. पुस्तकात एकटाच असतो ना रे!"

मला वाटतं, सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तो भोपाळहून घेऊन आला. जॅकल एकटा असतो, आणि हरतो. त्याला हरवतात लेबेल आणि त्याच्यामागचे शेकडो नाव नसलेले कारकून, शिपाई, टेलिफोनवाले. सामंतांची कामगिरी म्हणजेही छातीला सुरुंग बांधून अंधारात पोहणाऱ्या पोरांची कामगिरी. आपण जागतो ते हे काम कसं होतं आणि कुठे अडतं ते बघायला.

रूम पार्टनर पुन्हा फॉर्म भरणार आहे. या वेळी तो हॉस्टेलच्या व्हॉलीबॉल टीममध्येही उतरलाय, आणि चक्क पास देतोय.

ज्यांना वाचायचं आहे त्यांच्यासाठी: कल्याणचं सार्वजनिक वाचनालय (१८६४ पासून), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३ पासून) आणि डोंबिवलीची पै फ्रेंड्स लायब्ररी, तिन्ही लोकलच्या टप्प्यात आहेत. इंग्रजीचा धाक वाटत असेल तर अ‍ॅलिस्टर मॅक्लीनच्या कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद शोधा. खऱ्या हेरखात्याबद्दल वाचायचं तर रवि आमले यांचं 'रॉ' (२०१८) मराठीतच आहे.

आणि 'जॅकल' हवं असेल तर ते सध्या रेक्टर सरांकडे आहे. दुसऱ्यांदा वाचतायत.