मॉडेम किंचाळत नव्हता, शिकत होता

अमेरिकेतल्या एओएल कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा बंद केली. ती बातमी वाचून सेलूच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने विचारलं, ‘माळ्यावर वडिलांचा जुना मॉडेम सापडलाय. माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. हा डबा चालेल का?’

चालेल. कसा ते शेवटी सांगतो. आधी त्या डब्याच्या आवाजाबद्दल बोलायचंय, कारण तो आवाज काय होता हे त्या काळात आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

२००२ साली परभणीला शिकत असताना मी पहिल्यांदा लिनक्स बसवलं. सीडी ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत आलेली. तेव्हा गावोगावच्या मुलांपर्यंत लिनक्स पोचायचं ते त्या चकत्यांमधूनच. डायल-अपवर अख्खी सीडी उतरवून घेणं अशक्यच होतं. मासिकासोबत लिनक्स वाटायचा हा उपक्रम १९९६ साली सुरू करण्यात अतुल चिटणीस यांचा मोठा वाटा. बर्लिनमध्ये जन्मलेला, बेळगावात इंजिनिअर झालेला हा माणूस १९८९ पासून मॉडेमवर चालणारी ‘सिक्स’ नावाची संदेशसेवा चालवत होता. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे त्यानंतर सहा वर्षांनी. २०१३ मध्ये चिटणीस गेले. मराठीत त्यांच्याबद्दल फारसं लिहिलं गेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

लिनक्स चालू झालं, पण मॉडेम हू की चू करेना. कॉम्प्युटरच्या पोटात बसवलेलं स्वस्त कार्ड होतं ते. विंडोजमध्ये व्यवस्थित नंबर फिरवायचं. लिनक्सकडून ‘एटी’ अशी हाक गेली की उत्तरादाखल ‘ओके’ यायला हवं, ते येतच नव्हतं. तीन रात्री मी सेटिंगा बदलत बसलो. लोक म्हणतात, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. मी परभणीतच होतो, त्यामुळे बनवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

दोष सेटिंगांचा नव्हता. त्या कार्डात मॉडेमचा मेंदूच नव्हता.

मॉडेमचं अवघड काम नंबर फिरवणं नाही; आकडे सुरांत बदलून तारेतून धड पोचवणं हे आहे. घरातून टेलिफोनच्या डीपी पेटीपर्यंत, तिथून पिलरपर्यंत आणि पुढे एक्स्चेंजपर्यंत तांब्याची जोडतार जाते. ती माणसाच्या बोलण्यासाठी टाकलेली; साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातलंच तिच्यातून धड जातं. त्यातही वरचे सूर दबतात, काही उशिरा पोचतात, जोडांवरून प्रतिध्वनी परततात. एक ठोका पुढच्या ठोक्यात मिसळतो आणि आकड्यांचा काला होतो. वर प्रत्येक घराची तार वेगळी. पावसाळ्यात जोडात पाणी शिरलं की कालची तार आज तीच राहत नाही.

गंगाखेडला कीर्तनाच्या आधी माइकवाला मंडपात काय करतो ते आठवा. ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन.’ तो असंच का म्हणतो? कारण काय म्हटलं जाणार आहे हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. शब्द ठरलेले असल्यामुळे कर्ण्यातून जे बिघडून येतं, तो दोष नक्की मंडपाचा, पत्र्याचा, वायरीचा. जोडीदार त्या अंदाजाने एकेक बटण थोडं फिरवतो, पुन्हा ऐकतो, पुन्हा फिरवतो. महाराज उभे राहतात तोवर मंडपाची खोड त्या बटणांत उतरलेली असते. मग अभंग कुठलाही येवो, तो स्वच्छ ऐकू येतो.

मॉडेमचा तो चिरका आवाज म्हणजे हेच ‘एक, दोन, तीन’. आधी समोरचा मॉडेम २१०० हर्ट्झचा सूर लावतो. त्याने वाटेतली, बोलण्यासाठी बसवलेली प्रतिध्वनी-रोधक यंत्रणा बाजूला होते. मग दोघे तारेतून सुरांची शिडी पाठवून कुठला सूर किती दबतो ते मोजतात. शेवटी जी खरखर येते, ती दोघांना आधीच पाठ असलेली आकड्यांची माळ. आलेली माळ आणि यायला हवी होती ती माळ यांतला फरक मोजायचा, आतले गुणक, म्हणजे मॉडेमची बटणं, जरा सरकवायचे, पुन्हा मोजायचं. काही सेकंदांत मॉडेम तुमच्या घराची तार शिकून घेतो.

ही करामत टेलिफोनवर आणली बेल लॅब्जच्या रॉबर्ट लकी यांनी. १९६५ च्या त्यांच्या शोधनिबंधाआधी अशा जोडण्या माणूस हाताने खुंट्या फिरवून करायचा. लकींनी त्या खुंट्या यंत्राच्या हाती दिल्या. इंटरनेटच्या इतिहासात संगणकवाल्यांची नावं भरपूर येतात, लकी क्वचितच. मला हा अन्याय वाटतो. त्यांच्या कल्पनेवाचून साध्या टेलिफोन लाइनीवरून मॉडेमचे पुढचे वेग गाठताच आले नसते.

पुढे या कामी जे गणित सर्रास वापरलं जाऊ लागलं, त्याची जन्मकथा तर मी कुणालाही ऐकवू शकतो. १९५९ चा शरद ऋतू, शुक्रवारची दुपार. स्टॅनफर्डमध्ये बर्नार्ड विड्रो हे प्राध्यापक टेड हॉफ या नव्या विद्यार्थ्याशी फळ्यावर चर्चा करत होते. चुकीच्या प्रमाणात गुणक सरकवत जाण्याची एक सोपी रीत त्यांना तिथेच सापडली. त्याच दिवशी ती एका ॲनालॉग संगणकावर चालवून पाहिली. शनिवारी दुकानातून सुटे भाग आणले आणि रविवारी शिकणारं यंत्र टेबलावर तयार! त्याचं नाव ‘ॲडलाइन’, एक कृत्रिम चेतापेशी. हेच हॉफ नंतर इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या शिल्पकारांपैकी एक झाले.

आज ‘यंत्र शिकू लागलं’ म्हणून रोज मथळे येतात, तेव्हा मला हे आठवतं. चूक मोजा, गुणक सरकवा, पुन्हा मोजा: आजच्या अवाढव्य प्रारूपांच्या शिकण्याचा गाभाही हाच. प्रमाण अफाट वाढलं हे खरं, पण शिकणारं यंत्र जिंतूर-पाथरीच्या घरांतही टेलिफोनशेजारी बसलेलं होतं.

आता माझ्या कार्डाकडे येतो. खऱ्या मॉडेममध्ये हे शिकणं करणारी चिप आतच असते. स्वस्त कार्डांतून उत्पादकांनी ती काढली आणि तिचं काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर टाकलं. कल्पना वाईट नव्हती. वाईट हे, की त्या कामाचा प्रोग्रॅम फक्त विंडोजसाठी दिला आणि बाकीच्यांपासून झाकून ठेवला. म्हणून त्यांना ‘विनमॉडेम’ म्हणत. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने सगळ्यांसाठी खुला सॉफ्टवेअर-मॉडेम लिहायला घेतला. काही चिपांसाठी अर्धेमुर्धे उघडे ड्रायव्हर आले. मी शेवटी मित्राचा बाहेरून जोडायचा मॉडेम आणला. ‘एटी’ लिहिलं. ‘ओके’ आलं.

तरी नंबर लागेना. पडद्यावर ‘नो डायलटोन’. रिसीव्हर उचलला तर कानात टोन स्वच्छ! अमेरिकन डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन सुरांची असते. आपली साधारण ४०० हर्ट्झची, घरघरती. मॉडेमला ती ओळखूच येत नव्हती. उपाय एवढाच: ‘एटीएक्स३’, म्हणजे टोनची वाट न पाहता नंबर फिरव. नंबर फिरवणाऱ्या ‘डब्ल्यूव्हीडायल’ या प्रोग्रॅमच्या फायलीत ती ओळ टाकली आणि कर्णकर्कश, सुंदर आवाज सुरू झाला.

सेलूच्या मित्रासाठी आता सांगतो. यूएसबी-सिरियल वायर घ्या. लिनक्सला मॉडेम बहुधा ‘टीटीवाययूएसबी०’ या नावाने दिसेल. परवानगी नाकारली तर स्वतःला ‘डायलआउट’ गटात घाला, ‘मिनीकॉम’ हा प्रोग्रॅम उघडा, ‘एटी’ लिहा. फोन लाइन नसली तरी बिघडत नाही. कॉलेजच्या ऑफिसात इंटरकॉमचं छोटं एक्स्चेंज असेल, तर दुसरा एखादा मॉडेम मिळवून दोघांना दोन एक्स्टेन्शनवर लावा. वेग ३३.६ किलोबिटच्या वर जाणार नाही. ५६ साठी पलीकडचं टोक थेट डिजिटल लागतं, सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ७ बिट.

डायल करण्याआधी ‘एटीएम२’ लिहा, म्हणजे जोडणी झाल्यावरही स्पीकर चालू राहील. पहिल्यांदा चांगल्या वायरीवर ऐका. मग मध्ये जुन्या वायरीचं भेंडोळं नुसतं पिळून जोडा, पुन्हा डायल करा, आणि शेवटच्या खरखरीकडे कान द्या.