तुकडा पडण्याआधीचा कायदा

महाराष्ट्रात जमिनीचे भाग पाडण्यावर दोन वेगळ्या हेतूंचे कायदे लक्ष ठेवतात. १९४७चा तुकडेबंदी कायदा शेत कसण्याजोगे राहावे म्हणून झाला. १९६६चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम वस्ती राहण्याजोगी व्हावी म्हणून आला. शहराच्या वेशीवरची जमीन या दोन हेतूंच्या मधोमध सापडते आणि गुंठेवारी, म्हणजे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्याने होणारी जमीनविक्री, तिथेच फोफावते.

नियमांनुसार प्लॉट पाडायचे तर मोजणी होते, रेखांकन नगररचना विभागाकडून मंजूर होते, रस्ते-गटारे झाल्यावर अंतिम मंजुरी मिळते आणि मग विक्री. मुंबई वगळता बहुतेक राज्याला डिसेंबर २०२०पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यानुसार ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. बिनशेतीची वाटही सोपी झाली आहे. विकास आराखड्यातील आणि गावठाणापासून दोनशे मीटरच्या आतील जमिनींसाठी महसूल संहितेत सवलतीची कलमे आली आहेत.

तरीही गुंठा विकला जातो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. रस्ता आणि खुली जागा वगळली की विकाऊ क्षेत्र वाढते, भाव उतरतो आणि पगारावर जगणाऱ्या माणसाला घर आवाक्यात दिसते. त्याच्या हाती येते सामाईक खरेदीखत. सातबारावर नावांची रांग लागते, पण आपला तुकडा नेमका कुठला हे कोणताच नकाशा सांगत नाही. बँक कर्ज नाकारते, बांधकाम परवानगी मिळत नाही, आणि दारापर्यंत अग्निशमनाची गाडी जाईल एवढा रस्ताही नसतो.

शासनाने यावर दोन्ही दिशांनी हात चालवला. २००१च्या गुंठेवारी अधिनियमाने १ जानेवारी २००१पर्यंतच्या वस्त्या शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय केली. २०२१मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंत पुढे नेली. त्याच वर्षी जुलैत नोंदणी विभागाने परवानगीविना लहान तुकड्यांची दस्तनोंदणी रोखणारे परिपत्रक काढले. मे २०२२मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द ठरवले. २०२३मध्ये बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याखाली जमीन तुकडा ठरते ते किमान क्षेत्र, जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे ठरले. तुकडेबंदी मोडून झालेले जुने व्यवहार नियमित करण्यासाठी २०१७च्या दुरुस्तीत बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत आकारणी होती. पुढे २०२४मध्ये ती ५ टक्क्यांवर आली.

नियमितीकरण न्याय्य आहे. आयुष्याची पुंजी घालून घर बांधलेल्या कुटुंबाला कायमचे बेकायदा ठरवणे क्रूरपणाचे होईल. पण नियमितीकरणाने कागद मिळतो, रस्त्याची रुंदी मिळत नाही. बांधून झालेल्या वस्तीत मैदान कुठून आणणार? विकणारा नफा घेऊन जातो आणि जलवाहिन्या, गटारे, रस्ते यांचा भार महापालिकेच्या, म्हणजे सगळ्यांच्या खिशावर पडतो.

याला आपल्याकडे जुना आणि चांगला पर्याय आहे. १९१५च्या मुंबई नगररचना कायद्याने अनेक मालकांच्या जमिनी एकत्र घेऊन, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढून, उरलेले आखीव भूखंड त्यांनाच परत देण्याची पद्धत रुजवली. वांद्रे, सांताक्रूझसारख्या उपनगरांची घडण अशा नगररचना योजनांनी झाली. शेतकऱ्याची जमीन आकाराने घटते, पण तिला रस्ता मिळतो आणि मोल वाढते.

म्हणून नगररचना योजना वस्तीच्या आधी पोहोचायला हवी. वाढत्या शहरांच्या कडेच्या गावांत ती आज आखली पाहिजे, तिच्यात अल्प उत्पन्न गटाला परवडतील असे लहान पण कायदेशीर भूखंड ठेवले पाहिजेत, आणि मंजूर रेखांकन तलाठी कार्यालयात कुणालाही पाहता आले पाहिजे. कायदेशीर प्लॉट गरिबाच्या ऐपतीत आला, तरच बेकायदा गुंठ्याचा बाजार बसेल. तोवर मुदतवाढीची प्रत्येक घोषणा पुढच्या तुकड्याच्या विक्रीला बळ देत राहील.